ओलं फडकं आणि टाकीचं झाकण

माझ्या वडिलांच्या गाडीच्या डिकीत चार वस्तू कायम असायच्या. पान्यांची पेटी, पाण्याची बाटली, एक जादा फॅनबेल्ट आणि जुन्या धोतराचं फाडलेलं सुती फडकं. पहिल्या तीन वस्तू कशासाठी, हे मला लहानपणीच कळत होतं. चौथीचा अर्थ समजायला वयाची पन्नाशी उलटावी लागली. तोही आधी चुकीचा समजला आणि मग बरोबर. आज त्या फडक्याबद्दल बोलायचं आहे.

अब्बा मुंबईत टॅक्सी चालवायचे. आठवडाभर भायखळ्याला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी विरार लोकलने सोपाऱ्याला घरी यायचे. टॅक्सी अर्थातच काळी-पिवळी, प्रीमियर पद्मिनी. टॅक्सी सोडल्यावर १९९१ साली त्यांनी घरासाठी एक सेकंडहँड गाडी घेतली, तीही पद्मिनीच, १९८४ सालची. आम्ही म्हणालो, आता मारुती घ्या. तर म्हणाले, "या वयात नव्या गाडीशी कोण ओळख करून घेणार? हिचा गिअर माझ्या हाताला पाठ आहे." स्टिअरिंगखालचा तो गिअरचा दांडा ते झोपेतही टाकू शकले असते.

ही गाडी आपल्या भागातली माणसं विसरणार नाहीत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची अकराशे सीसीची गाडी तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, साधा कार्ब्युरेटर. उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख वाहिले. आमची मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली होती. २०१६ मध्ये अब्बा गेले आणि ती माझ्याकडे आली.

आता फडक्याकडे येतो. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटून बसवलेला असतो. तो विजेवर चालत नाही. इंजिन फिरतं, आतला कॅमशाफ्ट पंपाचा दांडा दाबतो, पंपाच्या पोटातला रबरी पडदा वर-खाली होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढे ओढलं जातं. मे महिन्यात, ट्रॅफिकमध्ये अडकून इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. गाडी गपकन बंद पडते. याला व्हेपर लॉक म्हणतात. मग टॅक्सीवाले बॉनेट उघडून ओलं फडकं पंपावर ठेवायचे आणि एक बिडी ओढायला लांब, अगदी लांब जायचे. पंप थंड झाला की गाडी सुरू. अब्बांना मी हे कित्येकदा करताना पाहिलं होतं.

२०२२ च्या मे महिन्यात अम्मीला डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला नेत होतो. हायवेला लागून पंधरा-वीस मिनिटं झाली आणि गाडीने दोन-तीन हिसके दिले, कार्ब्युरेटरमधून खोकल्यासारखा आवाज आला आणि ती बंद पडली. मी बॉनेट उघडलं, फडकं भिजवलं, पंपावर ठेवलं. वीस मिनिटांनी चावी फिरवली. गाडी सुरू! अम्मी मागून म्हणाली, "अगदी अब्बांसारखा दिसलास." त्या एका वाक्याने मी इतका सुखावलो, की माझा सगळा विचारच तिथे थांबला.

त्यानंतर दर वेळी हेच. मुंबईकडे निघालो की चिंचोटीच्या आसपास गाडी बंद, फडकं, वीस मिनिटं, गाडी सुरू. सोपाऱ्याहून निर्मळला किंवा वसईच्या बाजाराला गेलं तर मात्र काही नाही. मी कार्ब्युरेटर साफ करून घेतला. नवा पंप बसवला. कॉइल बदलली. प्रत्येक वेळी गॅरेजवाला म्हणायचा, "आता बघायला नको." आणि चार दिवसांनी मी चिंचोटीला फडकं घेऊन उभा. ऑगस्टमध्ये तर धो धो पावसात बंद पडली. बॉनेटवर पाणी कोसळत होतं आणि मी त्या पावसात पंपावर ओलं फडकं ठेवत होतो. हे हास्यास्पद आहे, हे मला त्या वेळी सुचलंही नाही. कविता लिहिणाऱ्या माणसाला उपमा चटकन सापडते, आणि सापडली की ती खरीच वाटू लागते. तापलेल्या काळजावर ओलं फडकं, ही उपमा माझी इतकी लाडकी झाली होती, की तिची परीक्षा घ्यावी असं वाटलंच नाही.

नोव्हेंबरमध्ये मात्र परीक्षा झाली. रात्रीची वेळ, वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल, मागे अम्मी बसलेली. गाडी पुलाच्या मध्यावर बंद पडली. पार्किंगचे दिवे लावले, अम्मीला उतरवून कठड्याला लागून उभं केलं आणि मी गाडीच्या मागे मोबाइलचा दिवा हलवत राहिलो. ट्रक इतक्या जवळून जात होते, की पूल हादरलेला पायाला कळत होता. ऐंशी वर्षांची बाई कठडा धरून कलमा पुटपुटत होती. त्या रात्री घरी आल्यावर मी ठरवलं, सोमवारी भंगारवाल्याला बोलवायचं.

सोमवारच्या आत एका जुन्या मिस्त्रींना भेटलो. ते पापडीजवळ राहतात. गॅरेज केव्हाच बंद केलेलं, पण आयुष्य फियाटच्या बॉनेटखाली गेलेलं. मी त्यांना बदललेल्या भागांची यादी सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला. "कवी, औषधं नका सांगू. दुखणं कधी होतं ते सांगा."

आणि मग त्यांनी प्रश्न विचारले. सुरू झाल्यावर किती वेळाने बंद पडते? उन्हातच पडते की पावसातही? गावात पडते का? बंद पडताना एकदम दिवा विझल्यासारखी विझते, की आधी हिसके देते? पेट्रोल भरून निघालात तर कशी चालते?

शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, "पेट्रोल भरल्यावर बरी चालते. टाकीच्या तळाला गाळ असणार." ते नुसते हसले. म्हणाले, "फडक्याने गाडी सुरू होते, की वीस मिनिटं थांबल्याने? कधी फडकं न ठेवता वीस मिनिटं थांबून पाहिलंत?"

श्रोतेहो, मी थांबलो नव्हतो. इलाज लागू पडला म्हणजे दुखणं कळलं, असं मी धरून चाललो होतो. पावसात व्हेपर लॉक कसा होईल, हा साधा प्रश्नही मी स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिरसाड फाट्यावरून मनोरच्या दिशेने निघालो. खानिवड्याच्या अलीकडे गाडीने हिसके द्यायला सुरुवात केली. मिस्त्री म्हणाले, "जीव आहे तोवर कडेला घ्या." रस्ता सोडून नीट आत थांबलो. त्यांनी आधी ठिणगी तपासली. ती जोरदार होती. मग एअर फिल्टर काढला, कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत हाताने अॅक्सिलरेटरचा दांडा दाबला. आत पेट्रोल असेल तर एक बारीक पिचकारी दिसते. दिसली नाही. कार्ब्युरेटर कोरडा. बॉनेट तसंच उघडं ठेवून ते गाडीच्या मागे गेले, मला जवळ बोलावलं आणि टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स! हवा आत गेली. स्पष्ट ऐकू आली. दहा-बारा सेकंद स्टार्टर मारला आणि गाडी सुरू झाली. फडकं डिकीतच होतं, कोरडं.

पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "एकदा घडलं तो योगायोगही असतो." झाकण घट्ट लावून पुन्हा गाडी पळवायला लावली. पुन्हा तेवढ्याच अंतराने हिसके. मग झाकण जरा सैल ठेवून सावकाश नेली. गाडी घरापर्यंत आली.

झालं होतं ते असं. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी जुन्या गाड्यांत झाकणाला बारीक भोक असतं, नाहीतर टाकीच्या गळ्यापासून एक छोटी नळी खाली सोडलेली असते. आमचं जुनं झाकण गंजलं म्हणून मी बाजारातून कुलूपवालं नवं झाकण आणलं होतं. त्याला भोकच नव्हतं. उरली नळी. २०२० च्या लॉकडाऊनपासून वर्षभर गाडी शेडखाली उभी होती, तेवढ्यात कुंभारीण माशीने त्या नळीत मातीचं घर बांधलं होतं. मिस्त्रींनी तारेने टोकरलं तसा वाळलेल्या मातीचा खडा बाहेर पडला. हवेला वाट नाही, म्हणून पेट्रोल जाईल तसतशी टाकीत पोकळी तयार होत होती आणि शेवटी पंपाचा जोर कमी पडत होता. थांबलं की झाकणाच्या रबरातून हळूहळू हवा झिरपत असे. वीस मिनिटांत काम भागत असे. पेट्रोल भरताना झाकण उघडलं जायचं, म्हणून भरल्यावर गाडी खूश. गावातलं अंतर थोडं, म्हणून तिथे काही होत नसे. सगळ्या खुणा माझ्यासमोर होत्या. मी त्या फडक्याखाली झाकल्या होत्या.

ज्यांच्या घरी अजून पद्मिनी, अँबेसेडर किंवा कार्ब्युरेटरची जुनी मारुती आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्याकडे नाही पण कुतूहल आहे त्यांच्यासाठीही, मिस्त्रींची रीत थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, पेट्रोलवर आळ घेण्याआधी ठिणगी तपासा. मिस्त्री म्हणतात, कार्ब्युरेटरची निम्मी दुखणी विजेची निघतात. डिस्ट्रिब्यूटरजवळचा कंडेन्सर तापल्यावर दगा देतो आणि थंड झाला की साळसूद होतो. त्याचं सोंग हुबेहूब व्हेपर लॉकसारखं असतं. ठिणगी पाहायची ती पेट्रोलची कुठलीही नळी सोडवण्याआधी, नंतर नाही.

दुसरी गोष्ट, पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय ते ठरवा. काळा धूर, पेट्रोलचा वास, ओले काळे प्लग असतील तर जास्त होतंय. मग कार्ब्युरेटरमधला फ्लोट किंवा नीडल पाहायची, ओव्हरफ्लो तिथून होतो. चढावर दम लागणं, हिसके, कार्ब्युरेटरमधून खोकला असेल तर कमी पडतंय. चालत्या गाडीत चोक थोडा ओढून पाहा. चोकने हवा कमी होते. तेवढ्याने गाडी सुधारली, तर पेट्रोलची टंचाई असण्याची शक्यता मोठी.

तिसरी गोष्ट, पुढून मागे चाला. एका वेळी एकच पायरी. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतं आणि तरी टंचाई असेल, तर जेटमध्ये कचरा आहे. येतच नसेल, तर पंपापर्यंत मागे या. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडवून पत्र्याच्या डब्यात धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. इंजिन थंड असतानाच हे करायचं. धार तुटक पण जोमदार हवी. नसेल तर पंपाचा पडदा किंवा त्याच्या अलीकडची वाट पाहायची. पडदा फाटला असेल तर पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी अजिबात चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

चौथी गोष्ट फार फसवी. पंपाच्या पुढच्या नळीला चीर पडली तर पेट्रोल गळतं, दिसतं, वास येतो. पण टाकी आणि पंप यांच्यामधली नळी ओढणारी असते. तिला चीर पडली तर पेट्रोल गळेलच असं नाही, हवा मात्र आत ओढली जाते. नळी कोरडी, खाली डाग नाही आणि गाडी उपाशी. रबर बोटांत दुमडून पाहा. बारीक भेगा दिसल्या की नळी बदला. ती सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती आहे.

आणि सगळ्यांत शेवटी टाकी. तळाचा गंज, आतली जाळी आणि झाकण. खरं तर झाकण उघडून कान द्यायला काहीच खर्च नाही, म्हणून गाडी बंद पडल्यावर तेच आधी करावं. फक्त एक ध्यानात ठेवा. उन्हात उभ्या गाडीतून हवा बाहेर येणं निराळं. चालून बंद पडलेल्या गाडीत ती आत गेली, तरच ही खूण.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये २०२२ च्या मध्यापर्यंत सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं आणि २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलं. इथेनॉल उसापासून, धान्यापासून होतं. शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं किंवा चिरतं. जुन्या टाकीत चिकटलेला थर इथेनॉलने सुटतो आणि फिल्टर तुंबतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. आमच्या वसईच्या पावसाळ्यात भिंतीलाही घाम फुटतो, तिथे अर्धी टाकी घेऊन चार महिने उभी राहिलेली गाडी तळाला पाणी धरणारच. म्हणून इथेनॉल सोसणारी नळी आणि पंपाचा पडदा मागून घ्या, नवा फिल्टर बसवा आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा गाडी फिरवून आणा.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. गाडी सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतायची खोड सगळीकडे आहे. आमच्याच शेडमध्ये शेजारच्या एका हौशी मुलाने ते केलं. इंजिनने उलटा फटका दिला, कार्ब्युरेटरमधून ज्वाळ वर आली आणि त्याच्या हातातली बाटली पेटली. कुंडीजवळ ओलं गोणपाट होतं, ते टाकून विझवलं. पोराच्या भुवया आणि हातावरचे केस गेले, जीव वाचला. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका, आग पाण्याबरोबर पसरते. जुन्या गाडीत पावडरचं अग्निशामक नळकांडं ठेवा, ते हाताला येईल असं. आणि हायवेवर गाडी बंद पडली तर आधी माणसं उतरवून कठड्याच्या पलीकडे न्या. गाडी नंतर. हा धडा मी पुलावर फार महागात शिकलो असतो.

भंगारवाला सोमवारी आला, चहा पिऊन गेला. गाडीला भोक असलेलं साधं झाकण बसवलं आहे, आणि त्या नळीच्या टोकाला बारीक जाळी. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांचं नंतर आणखी वाढलं. तेव्हा हा शौक स्वस्त नाही. किती दिवस परवडेल ते बघू.

मिस्त्रींना मी एकदा विचारलं, "अब्बा एवढी वर्षं फडकं ठेवत होते, ते चुकत होते का?" ते म्हणाले, "त्यांची गाडी उन्हात, गर्दीत, तापून बंद पडायची. त्यांचं दुखणं तेच होतं, इलाजही तोच. तुम्ही त्यांचा इलाज घेतलात, त्यांची नजर घेतली नाहीत."

फडकं अजून डिकीत आहे. मे महिन्यात एखाद्या दिवशी लागतंही. पण आता गाडी थांबली, की बॉनेटकडे जाण्याआधी मी मागे जातो, झाकण फिरवतो आणि कान देतो.